लेकीला सोबत आणि घराला अंडी: कोंबडीची जात कोणती?

पत्र: आम्ही पारोळ्याच्या बाहेर, शेताला लागून बांधलेल्या घरात राहतो. मागे परसात साधारण तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद मोकळी जागा असून तिच्या कडेला जुना कडुनिंब आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने हट्ट करून बाजारातून हिरवी-गुलाबी रंगवलेली सहा पिल्ले आणली आणि चार दिवसांत सहाही गेली. तेव्हापासून ती ‘माझं काय चुकलं?’ एवढेच विचारत राहते. आता तिला नीट कोंबड्या पाळून द्याव्यात आणि घरच्या माणसांपुरती अंडीही मिळावीत, असे मनात आहे. यजमानांचे मित्र कडकनाथच घ्या म्हणतात, दुकानदार गिरिराज सुचवतो, तर सासूबाई गावठीशिवाय दुसरे नाव घेत नाहीत. सासूबाई माळकरी आहेत. त्या अंडे खात नाहीत, आम्ही खाल्लेले त्यांना चालते. पण घरात पाळलेला जीव कापायचा नाही आणि कापायला द्यायचाही नाही, एवढी त्यांची अट आहे. कोणती जात घ्यावी, किती घ्याव्यात, कोंबडा लागतोच का, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्या टिकतील का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या लेकीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो आधी मिटायला हवा. तिचे काहीही चुकले नाही. बाजारात रंगवून विकली जाणारी पिल्ले बहुतेक वेळा अंड्यांसाठी वाढवल्या जाणाऱ्या लेअर जातीचे नर असतात. हॅचरीला त्या जातीच्या माद्याच हव्या असतात; नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखे झपाट्याने वजनही धरत नाही, म्हणून तो पहिल्याच दिवशी बाजूला काढला जातो आणि कवडीमोलाने विकला जातो. अंड्यातून बाहेर येताना पिलाच्या पोटात बलकाचा काही भाग शिल्लक असतो व त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवायही तग धरू शकते. म्हणूनच टोपलीत ते टुणटुणीत दिसते, आणि घरी आणल्यावर, पोटातला तो साठा संपला की मान टाकते. त्यात रंगात भिजवलेले अंग, प्रवासाची दगदग, रात्री उबेचा अभाव आणि दिवसा आखाजीचे ऊन. नऊ वर्षांच्या मुलीने त्यांना पाणी पाजले, उराशी धरले, याहून अधिक तिच्या हातात काही नव्हते. हे तिला समजेल अशा भाषेत नक्की सांगावे. आणि पुन्हा तशी पिल्ले आणू नयेत, कारण आपण घेतो म्हणून ती रंगवली जातात.

आता जातीकडे वळतो. पण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट जातीच्या नावांत नाही, ती सासूबाईंच्या अटीत आहे. अनेक घरांत ही अट उशिरा, म्हणजे चार कोंबडे अंगणात एकमेकांची डोकी फोडू लागल्यावर आठवते. पिल्ले घेतली तर त्यांत साधारण निम्मे नर निघतात. शिवाय कोंबडी पहिली दोन वर्षे भरभरून अंडी देते, पुढे दरवर्षी ती कमी होत जातात, आणि जपले तर ती सहा-सात वर्षे सहज जगते. व्यवसाय करणारा दीड-दोन वर्षांनी सगळा कळप विकून मोकळा होतो. तुमच्या घरी ते होणार नाही. लेकीने जिला नाव दिले आहे आणि सासूबाईंनी जिच्यासाठी रोज मूठभर दाणे बाजूला काढले आहेत, ती कोंबडी अंडी थांबल्यावरही तुमच्याच परसात राहणार आहे. म्हणून संख्या थोडी ठेवावी, नर घेऊच नयेत, आणि जात निवडताना ‘वर्षाला किती अंडी’ या आकड्याइतकेच वजन तिच्या स्वभावाला आणि ऊन सोसण्याच्या ताकदीला द्यावे.

ऊन हा आपल्याकडे पहिला परीक्षक आहे. भुसावळ, जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पारोळा, अमळनेर, धुळे या पट्ट्यातही फारसा वेगळा प्रकार नसतो. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते, आणि बाहेरची हवा त्याहून तापली की चोच उघडी ठेवून धापा टाकणे एवढाच मार्ग तिच्याकडे उरतो. धापा टाकताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, त्यामुळे कवच बनायला लागणारे द्रव्य कमी पडते आणि उन्हाळ्यातली अंडी पातळ कवचाची, कधी तर हाताच्या दाबानेही पिचकणारी होतात. अंगाने जड, दाट पिसांची कोंबडी ही उष्णता बाहेर टाकू शकत नाही. हलक्या अंगाची, मोठ्या तुऱ्याची कोंबडी ती बरी टाकते, कारण तुरा आणि गळ्याखालचे लोंबते कल्ले यांतून उष्णता बाहेर पडते.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. माझ्याकडे तेव्हा चार गावठी आणि तीन गिरिराज कोंबड्या होत्या. गावठी कोंबड्यांनी सकाळीच पाण्याच्या रांजणाखालची ओल हेरून तिथे नखांनी खळगे केले होते आणि पंख अंगापासून दूर धरून, डोळे अर्धवट मिटून त्या त्यात पसरल्या होत्या. गिरिराज कोंबड्या मात्र दाणे टाकलेल्या जागेजवळच, भिंतीच्या आखूड होत गेलेल्या सावलीत बसून राहिल्या. दोनच्या सुमारास सावली सरकली, त्या सरकल्या नाहीत. मी साडेतीनला गेलो तेव्हा एक गेलेली होती आणि दुसरीच्या तुऱ्याचा रंग जांभळट झाला होता. तिला पाण्यात धरून, सावलीत ठेवून कशीबशी वाचवली. त्या दिवसापासून मी खान्देशातल्या कोणालाही मोकळ्या परसासाठी जड जात सुचवत नाही.

गिरिराज ही जात वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. ती बंगळूरच्या कृषी विद्यापीठात परसबागेसाठीच तयार झाली, रंगाने देखणी असते, चपळ गावठीपेक्षा लवकर वजन धरते आणि चांगल्या सांभाळात वर्षाला १४० ते १५० अंडीही देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा ही तिच्याच तोलाची, मात्र अंड्यांनी थोडी कमी, परसात साधारण १०० ते ११०. या दोन्ही जाती मांस आणि अंडी अशा दुहेरी उपयोगासाठी घडवल्या आहेत आणि ज्या घरात कोंबडा शेवटी ताटात येतो त्या घराला त्या परवडतात. तुमच्या घरात तो येणार नाही; मग ते जास्तीचे वजन फक्त उन्हात त्रास देण्यापुरते उरते. दुकानदाराने गिरिराज सुचवली यात त्याचा दोष नाही. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना तीच हवी असते.

कडकनाथविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हे नाव आपल्या भागात फार फिरते. ही जात आपल्या शेजारची आहे. नंदुरबारच्या सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर हा तिचा मूळ मुलूख. भिल्ल, भिलाला कुटुंबांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे आणि काळ्या मांसामुळे तिला तिकडे कालामासीही म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. ऊन तिला उत्तम सोसते, रोगालाही ती काटक आहे. पण तुमच्या दोन्ही गरजांना ती कमी पडते. अंडी वर्षाला जेमतेम ८० ते १०० देते. स्वभावाने बुजरी, उडायला तरबेज, संध्याकाळी खुराड्याऐवजी कडुनिंबाची फांदी पसंत करणारी. तुमच्या लेकीच्या मांडीवर ती सहजासहजी बसणार नाही. आणखी एक गोष्ट यजमानांच्या मित्रांच्या कानावर घालावी: कडकनाथचे अंडे काळे नसते, ते फिकट तपकिरी, किंचित गुलाबी झाक असलेले असते. काळ्या अंड्यांची छायाचित्रे दाखवून कोणी पिल्ले विकत असेल, तर त्याच्याकडून काहीही घेऊ नये. २०१९ साली कडकनाथ पालनाच्या नावाखाली पश्चिम महाराष्ट्रात हजारो शेतकरी कुटुंबांची फसवणूक उघडकीस आली, आणि तिचे मूळ ‘या कोंबडीच्या अंड्याला सोन्याचा भाव आहे’ या एकाच वाक्यात होते. घरात खाण्यासाठी अंडी हवी असताना बाजारातला भाव बघून जात निवडण्यात अर्थ नाही.

अंड्यांच्या आकड्यात पांढऱ्या लेगहॉर्नचा हात कोणी धरत नाही. पोल्ट्रीतल्या लेअर कोंबड्या याच रक्ताच्या असतात आणि वर्षाला ३०० च्या घरात अंडी देतात. मात्र त्या पिंजऱ्यातल्या मोजून दिलेल्या खाद्यासाठी आणि ठरवून दिलेल्या उजेडासाठी घडवलेल्या आहेत. परसात त्या घाबरट होतात, भांडे पडल्याच्या आवाजानेही कुंपणावर उडतात, आणि पांढऱ्या रंगामुळे घारीला लांबून दिसतात. पोल्ट्रीतून काढून टाकलेल्या स्वस्त लेअर घेण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांच्या चोची कापलेल्या असतात, त्यांना माती उकरायची सवय नसते आणि त्यांची उमेदीची अंडी होऊन गेलेली असतात. दयेपोटी एखाद्याने त्या सांभाळल्या तर मला त्याचे कौतुकच वाटेल, पण पहिल्यांदा कोंबड्या पाळणाऱ्या मुलीच्या हाती त्या देऊ नयेत.

शहरातल्या हौशी लोकांकडे दिसणारी सिल्की तुमच्या लेकीला बघताक्षणी आवडेल. तिची पिसे मांजराच्या लोकरीसारखी, पायाला चारऐवजी पाच बोटे, आणि स्वभाव इतका शांत की ती तासभर हातात बसते. मात्र ती पिसे पाणी झटकत नाहीत, पावसात भिजली की आजारते. अंडी लहान आणि मोजकी. पायांपर्यंत पिसे असलेली ब्रह्मा किंवा कोचीन तर आपल्या हवेत आणूच नये. असील दिसायला राजबिंडी आणि ऊनही सोसते, पण तिची पैदास झुंजीसाठी झाली. अंडी फार थोडी, आणि एका परसात दोन असील म्हणजे रोजची मारामारी.

आता मी तुमच्यासाठी काय निवडले असते, ते सांगतो. एकूण पाच कोंबड्या. त्यांतल्या तीन ग्रामप्रिया आणि दोन गावठी. ग्रामप्रिया न मिळाल्यास तिच्या जागी ऱ्होड आयलंड रेड.

ग्रामप्रिया हीसुद्धा हैदराबादच्याच संचालनालयाची, पण ती प्रामुख्याने अंड्यांसाठी घडवलेली आहे. वनराजापेक्षा ती अंगाने हलकी, तपकिरी अंडे देणारी, आणि परसात मोकळी सोडून वर थोडे खाद्य दिले तर वर्षाला १६० ते १८० अंड्यांपर्यंत जाते. ऱ्होड आयलंड रेड, जिला आपल्याकडे सगळे आर.आय.आर. म्हणतात, ती अमेरिकेतील त्याच नावाच्या राज्यातून आली. १९५४ सालापासून ती त्या राज्याचा अधिकृत पक्षी आहे. विटकरी-काळसर लाल रंगाची ही कोंबडी माणसाला चटकन सरावते. दाणे घेऊन जाणाऱ्या माणसाच्या पायात पायात येणारी, पकडली तर फडफड न करणारी जी कोंबडी मुलांना हवी असते, ती हीच. अंडीही भरपूर, चांगल्या सांभाळात २०० च्या आसपास. ती ग्रामप्रियापेक्षा थोडी जड असल्यामुळे मे महिन्यात तिच्यावर अधिक लक्ष ठेवावे लागते, म्हणून मी तिला दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. मात्र पत्र लिहिणाऱ्या ताईंऐवजी लेकीनेच मला विचारले असते, तर कदाचित मी आर.आय.आर. आधी सांगितली असती.

आणि गावठी कशासाठी? सासूबाईंचे म्हणणे खरे आहे, म्हणून. गावठी कोंबडी वर्षाला ५० ते ६० अंडी देते आणि लोक तेवढाच आकडा बघून तिला मोडीत काढतात. ती कमी अंडी का देते, हे मात्र कोणी पाहत नाही. पंधरा-वीस अंडी झाली की ती खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवरून हलत नाही, आणि पुढे दीड-दोन महिने पिल्ले घेऊन हिंडते. सुधारित जातींतून हा गुण निवडून निवडून काढून टाकला, तेव्हा कुठे त्यांची अंडी वाढली. तुम्हाला पिल्ले काढायची नसली तरी गावठी कोंबडी परसाची राखण करते. घारीची सावली जमिनीवरून सरकली की ती सर्वांत आधी विशिष्ट आवाज काढते आणि तो आवाज ऐकून सुधारित कोंबड्याही झुडपाखाली पळायला शिकतात. मुंगूस, साप, बोका यांच्या बाबतीतही तेच. दोन गावठी कोंबड्या बाकीच्या तिघींना वळण लावतात, हे मी अनेक अंगणांत पाहिले आहे.

हिशेब असा बसतो. तीन ग्रामप्रियांची किमान ४८० आणि दोन गावठींची १०० धरली, तर वर्षाला साधारण ५८० अंडी, म्हणजे दिवसाला सरासरी दीड. सासूबाई सोडून उरलेल्या माणसांना ती पुरावीत. पण ही सरासरी आहे, हे लेकीला आधीच समजावून ठेवावे. थंडी सरताना, दिवस वाढू लागले की टोपलीत रोज तीन-चार अंडी सापडतील. मेच्या तापात आठवडा कोरडा जाईल. दुसऱ्या वर्षी पिसे झडायला लागली की दोन महिने बंदच होतील. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो, म्हणून डिसेंबरातही ती कमी होतात. त्याला आजार समजून औषधे पाजू नयेत.

कोंबडा लागत नाही. कोंबडी कोंबड्याशिवाय तितकीच अंडी देते. कोंबडा लागतो तो पिल्ले काढण्यापुरता. सासूबाईंनाही हे सांगावे, कारण कोंबडा नसलेल्या अंगणातल्या अंड्यात जीव धरतच नाही, आणि माळकरी माणसाच्या मनाला त्याचे समाधान वाटते. गावठी कोंबडी खुडूक झाली, तर तिला रोज खोपटीतून उचलून, दोन-तीन दिवस खाली जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात दाणापाण्यासह ठेवावे, म्हणजे ती पूर्ववत होते.

नर टाळायचे, यासाठीच मी पिल्लांऐवजी तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या वाढत्या माद्या, घ्या म्हणतो. आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगेला उबेचा दिवा लागत नाही, तिचे पहिले लसीकरण झालेले असते आणि नर-मादी ओळखू येते. नराचा तुरा या वयातच लालभडक होऊ लागतो, पाय जाड असतात, आणि पुढे मानेवर व कंबरेवर टोकदार, चकचकीत पिसे येतात. मादीचा तुरा लहान, फिकट पिवळसर आणि कंबरेची पिसे गोल टोकाची. एका विक्रेत्याने मला एकदा ‘सगळ्या माद्याच आहेत’ म्हणून दहा पिल्ले दिली आणि त्यांत सहा कोंबडे निघाले. तेव्हापासून मी प्रत्येक पक्षी हातात घेऊन, तुरा आणि पाय बघूनच घेतो. ग्रामप्रियाच्या तलंगांसाठी ममुराबाद, पाल किंवा धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रात आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. गावठी मात्र ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच घ्याव्यात. आठवडी बाजारात पंचवीस गावांचे पक्षी एका डालग्यात येतात आणि त्यांच्याबरोबर रोगही येतात. पाचही एकाच वयाच्या, एकाच वेळी आणाव्यात. एकटीदुकटी नवी कोंबडी जुन्या कळपात सोडली तर तिला टोचून हैराण करतात.

आणण्याची वेळ पोळ्यानंतरची. भाद्रपद-आश्विनात आलेली तलंग फेब्रुवारीच्या आसपास अंड्यावर येते आणि पहिला मे बघायच्या आत तुमच्या परसाला सरावते. आत्ताच घाई करू नये. तोवर खुराडे बांधून व्हावे.

पाच कोंबड्यांना रात्रीच्या निवाऱ्यासाठी पाच फूट बाय चार फूट पुरते. ते कडुनिंबाच्या सावलीत, लांबट बाजू पूर्व-पश्चिम ठेवून, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे. नुसता पत्रा टाकू नये. पत्रा असलाच तर त्यावर पऱ्हाट्यांचा किंवा कडब्याचा जाड थर द्यावा आणि उन्हाळ्यात त्यावर पाणी मारावे. बाजूंना बारीक चौकोनांची वेल्ड केलेली जाळी लावावी, कारण षट्कोनी पातळ जाळी मुंगूस आणि कुत्रे दातांनी फाडतात. आत दोन फूट उंचीवर बसायला गोल आडवा दांडा, आणि कोपऱ्यात कडब्याच्या चुऱ्याने भरलेल्या दोन टोपल्या. खाली भुईमुगाच्या टरफलांचा चार बोटे थर. बाहेर एका खळग्यात चुलीची राख आणि माती. त्यात त्या रोज लोळतील आणि पिसांतल्या उवा झडतील. फळ्यांच्या फटींत गोचिडे लपतात, म्हणून वर्षातून दोनदा चुना मारावा. मे महिन्यात दाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावरच द्यावेत, कारण पचनानेही अंग तापते. दुपारी फक्त मातीच्या परळात गार पाणी, दोन-तीन ठिकाणी, आणि ते तासातासाने बदललेले. ओले गोणपाट लावायचे ते वाऱ्याच्या बाजूने. चारी बाजू ओल्या गोण्यांनी बंद केल्या तर आत दमट कोंडते आणि त्रास वाढतो.

खाद्याचे एकच सविस्तर सांगतो, कारण ते खास आपल्या भागाचे आहे. घरात म्हैस असेल तर सरकीची पेंड असतेच, आणि ‘म्हशीला चालते तर कोंबडीलाही चालेल’ म्हणून ती टाकली जाते. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. गाईम्हशींचे पोट ते पुष्कळसे निष्प्रभ करते, पण कोंबडीला ते बाधते आणि तिच्या अंड्याचा बलक, विशेषतः अंडी काही दिवस ठेवल्यावर, हिरवट-तपकिरी पडतो. असे अंडे फोडून लोक घाबरतात आणि कोंबडीला रोग झाला समजतात. तसेच कपाशीचे औषध लावलेले बियाणे, फवारणीच्या डब्यांचे धुतलेले पाणी आणि बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणे त्यांच्या वाऱ्यालाही ठेवू नयेत. बाकी दादर ज्वारी, बाजरी, मक्याचा भरडा, भाजीचा पाला हे सर्व चालते. अंड्यावर आल्यावर मात्र ग्रामप्रियांना लेअर खाद्याची जोड हवीच, नुसत्या ज्वारीवर त्या १६० चा आकडा गाठणार नाहीत. एका कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम एकूण खाद्य, आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस चुकवू नये. तिची लासोटा ही पहिली लस लहानपणी दिलेली असते. आठ-दहा आठवड्यांच्या सुमारास आर टू बी ही लस टोचतात, तिची विचारणा तलंगा घेतानाच करावी. लसीची कुपी शंभर पक्ष्यांची येते आणि उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून आजूबाजूच्या शेतांतल्या कोंबडीवाल्यांना एकत्र बोलावून दवाखान्यातून दिवस ठरवून घ्यावा. आपल्या खान्देशातच, नवापूरला, २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि २०२१ साली पुन्हा तोच घाला पडला. त्यामुळे अचानक दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या तर त्यांना हात न लावता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. लेकीने कोंबड्या हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि कितीही लाड आला तरी त्यांचे मुके घेऊ नयेत. अंडी नीट शिजवूनच खावीत.

लेकीसाठी आणखी थोडे. कोंबडीवर संकट वरून येते, घारीच्या रूपाने; म्हणून वरून आलेल्या हाताला ती दचकते. मुलीने जमिनीवर बसावे, हात खालून आणि बाजूने पुढे करावा, तळहातावर चार दाणे ठेवावेत आणि वाट पाहावी. पहिले दोन-तीन दिवस कोणी येणार नाही. मग एक धीट कोंबडी मान लांब करून टिपेल आणि तिच्यामागे बाकीच्या येतील. एक वही तिला जरूर करून द्यावी. नॉर्वेतील एका अभ्यासकाने लहानपणापासून कोंबड्यांच्या वागण्याच्या नोंदी ठेवल्या, कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट्याने बाजूला होते हे लिहीत गेला, आणि त्यातूनच कळपातल्या मानाच्या उतरंडीवर १९२१ साली त्याचा प्रबंध झाला. पाच कोंबड्यांत ही उतरंड आठवड्याभरात दिसू लागते; दाण्यावर पहिली कोण जाते एवढे लिहिले तरी पुरे.

तलंगा घरी आणायच्या त्या दिवस मावळताना. अंधार पडायच्या आत त्यांना थेट खुराड्यात, दांड्यावर बसवावे, पाणी ठेवावे आणि दार लावून घ्यावे. पुढचे चार दिवस, कितीही केविलवाण्या दिसल्या तरी त्यांना बाहेर सोडू नये, खाद्यपाणी आतच द्यावे. पाचव्या दिवशी, सूर्य बुडायला तासभर असताना दार उघडावे आणि लेकीला ज्वारीचा डबा हातात देऊन खुराड्याजवळ बसवावे. त्या लांब जाणार नाहीत. अंधारू लागले की एकामागून एक दारातून आत जातील, आणि आत गेलेल्या मोजायचे काम तिचे.